बाबांचा ड्यूटीचा शर्ट

बाबा कापड कंपनीच्या रंगखात्यातून निवृत्त झाले त्याला एक जमाना झाला. आता तर डोक्यातलं बहुतेक सगळं पुसलं गेलंय. तरी सकाळी उठून कंपनीचा तो निळा पॉलिस्टरचा शर्ट चढवायचा, खुर्चीत बसायचं आणि मला विचारायचं, "काय गं, आज कुठला रंग लागलाय?" तेवढ्यापुरती मी त्यांची मुलगी असते. त्या एका प्रश्नावर माझा दिवस निघतो.

पण मेलं पॉलिस्टर घाम पीतच नाही! पाठभर घामोळं, खाजवून खाजवून सालटी निघालेली. सुती शर्ट नुसता दाखवला तरी बाबा घर डोक्यावर घेतात.

मीही त्याच रंगखात्यात, लॅबमध्ये आहे. कॉस्टिक सोड्याऐवजी एंझाइम वापरून पॉलिस्टरला पाणी शोषायला लावायचं, हेच सध्या आमचं काम. म्हटलं, बाबांच्या शर्टावरच करू. आधी एका तुकड्यावर करून पाहिलं, तर बॉयलरवाल्या काकांनी प्रेमाने वाफ पूर्ण सोडली. "पॉलिस्टर उकळल्याशिवाय ऐकतं होय?" म्हणे. उकळत्या दुधात विरजण घातल्यासारखं झालं, एंझाइम मेलं. मी असली भडकले की काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शर्ट धुवायच्या दिवशी बाबा चादर ओढून पडून असतात. त्या दिवशी शर्ट गुपचूप नेला. कोमट पाण्यात एंझाइम घालून तो भिजवला आणि डोळ्यात तेल घालून बसले. वाळल्यावर वर पाण्याचा थेंब सोडला, तो चुटकीसरशी आत गेला. काकासुद्धा राग विसरून हसले.

सकाळी बाबांनी शर्ट चढवला. बाहीवरून हात फिरवला, कॉलर हुंगली. मग एकेक बटण काढलं आणि घडी करून माझ्या हातात दिला.

"बाई, हा माझा नाही."

"अहो बाबा, तुमचाच आहे! आता चिकटत नाही बघा."

"माझा चिकटतो. रंगाचा वास येतो त्याला."

वर्षानुवर्षांचा वास मीच धुऊन टाकला होता. मला भडभडून आलं. उघड्या अंगाने ते दाराकडे बघत बसले होते. मी समोरच उभी होते, "काय गं" ऐकायला जीव कानात आणून.

"रडू नका हो," ते म्हणाले. "बसा. माझी मुलगी लॅबमध्ये असते, येईलच इतक्यात. फार हुशार आहे. ती देईल शोधून."

"बरं," म्हटलं आणि बसले.