तोंडातून न निघालेला पासवर्ड

आई म्हणायची, आमची रुपाली देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खाईल. खरंय ते. पुढं कंपन्यांचे कम्प्युटर राखायची नोकरी मला ह्याच खोडीवर मिळाली. पण पहिला चोर धरला तो दोन हजार पाच साली, शहापूरच्या कम्प्युटर क्लासमध्ये.

तिथं आम्ही दोघी शिकवायचो, मी आणि खर्डीची भूमिका. तिचं नुकतंच लग्न झालेलं. मुलांचे मार्क आपापल्या पासवर्डनं भरायचे. एक दिवस तिनं भरलेले मार्क बदललेले निघाले, नापास पोरं पास. क्लासचे मालक काळूराम सर तिला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सांग कोणी केलं. नायतर उद्यापासून येऊ नको." नोकरी गेली की सासरी चूल आणि शेत. ती रडायला लागली.

मला आधी तिचाच संशय आला. मग मशीन दुरुस्त करणाऱ्या शेखरचा, कारण गोड बोलणारा माणूस मला कधी पटलाच नाही. पण तो महिनाभर फिरकला नव्हता.

"पासवर्ड कुणाला सांगितलास गो?"

"देवाशपथ नाय. तोंडातून कधी निघालाच नाय."

असं म्हणून ती रडता रडता लाजली. कसला डोंबलाचा पासवर्ड हा, म्हटलं, लाजायला लावणारा? आणि मग पेटली माझी ट्यूब. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, उखाण्यापुरतं काय ते. मी तिच्या नवऱ्याचं नाव टाईप केलं, भगीरथ. उघडलं.

"अगं बाई, तू नाव घेत नाहीस, पण सगळं गाव घेतं ना?"

मी पासवर्ड बदलला आणि चुकीचा टाकला तर कुठल्या मशीनवरून टाकला ते दिसेल अशी सोय केली.

संध्याकाळी भगीरथ नेहमीसारखा तिला न्यायला आला आणि कोपऱ्यातल्या मशीनवर पत्ते खेळत बसला. त्याला आमची बोंब अजून कळली नव्हती. जरा वेळानं माझ्या मशीनवर दिसलं, भूमिकाच्या नावानं चुकीचा पासवर्ड. परत तोच. मशीन कोपऱ्यातलं.

मी तिला दाखवलं. तिनं कोपऱ्याकडं पाहिलं.

"हे मला नोकरी सोड म्हणत होते," ती हळूच म्हणाली. "मी नाय म्हटलं."

माझं डोकं फिरलं. तेवढ्यात सर आले.

"कळलं का कोण ते?"

मी तोंड उघडलं, तर तिनं माझा हात दाबला. झाकणार आता ही, मला वाटलं. ती उठली, ओढणी नीट केली.

"भगीरथनं, सर," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं. भगीरथनं केलं."