पूजेतला कॉम्प्युटर

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करा, माझी काही हरकत नाही. पण पूजेआधी पुसताना प्रत्येक कॉम्प्युटरवर मी चिकटवलेली नावंच खरवडून काढायची? चाकणच्या आमच्या कंपनीतले स्टोअरवाले रंगराव, त्यांनी नेमकं तेच केलं. आणि वर मलाच फोन, "विजयश्रीताई, भंगारवाल्याचा टेम्पो आलाय. कंचं द्यायचं?"

कंपनीचे कॉम्प्युटर मी सांभाळते, पण सध्या चऱ्होलीला घरी, पाय प्लास्टरमध्ये. जुने कॉम्प्युटर सगळे एकाच रंगाचे, एकाच मापाचे. त्यातल्या एकावर माल पाठवायच्या चिठ्ठ्या निघतात. तो भंगारात गेला तर एक गाडी गेटबाहेर पडणार नाही, आणि माझी नोकरीही त्याच टेम्पोतून जाणार.

"हात लावू नका कशाला!" मी ओरडले.

लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून हुकूम टाइप केले की मी घरबसल्या त्या कॉम्प्युटरात शिरते. शिरले. नशीब, चालू होता. "रंगराव, आता इथून त्याचा सीडीचा ट्रे उघडते. ज्याचा ट्रे बाहेर येईल तो ठेवा, बाकीचे द्या."

हुकूम सोडला. रंगराव म्हणाले, "न्हाई ओ ताई. चारातला एकबी न्हाई उघडला."

"चार? अहो, पाच होते ना!"

"पाचवा पूजेत हाय. पाट बुटका पडत हुता, म्हणून खाली घातलाय, वायरीसकट. त्याला आता कॉम्प्युटर कसं म्हणायचं?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात फोनमधून आमचे मालक नानासाहेब किंचाळले, "अरे, देवानं जीभ काढली!" लाल कापडाखालून ट्रे बाहेर आला होता. मी घाईघाईनं तो बंद करायचा हुकूम दिला. मग रंगराव कुजबुजले, "ताई, सायबांनी त्याच्यावर पेढा ठिवला हुता."

"खाल्ला रे खाल्ला!" नानासाहेब घंटा वाजवत ओरडले. मागे सगळ्या शिफ्टनं जयजयकार केला.

टेम्पो चार कॉम्प्युटर घेऊन गेला. पाचव्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. माझा जीव भांड्यात पडला, मी एकटीच हसत बसले.

हसू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकलं. आता रोज नानासाहेबांचा फोन येतो. आजही आला.

"ताई, रंगराव म्हणाले तुमचं त्याच्याशी बोलणं आहे, म्हणून सांगतो. आज मोदक केलेत. जरा मोठं तोंड उघडायला सांगा."