कडूबाईनं उठवलेला पाय

ऐंशी सालची दिवाळी सरली आणि पोखर्णीच्या मनकर्णाची दोन वर्षांची बायना तापानं फणफणली. ताप उतरला तेव्हा तिचा उजवा पाय लुळा पडला होता. नवरा सूर्यभान ऊस तोडायला गेलेला. मनकर्णानं एकटीनंच तिला परभणीला नेलं.

"पोलिओ आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखतंय तोवर रगडू नका. गरम कपड्यानं शेका, पाऊल फळीला सरळ बांधून ठेवा. काही पोरांचा पाय सुधारतो, काहींचा नाही. खात्री मी देऊ शकत नाही."

घरी येते तो सासूनं, धुरपदाबाईनं, अंग चोळणाऱ्या कडूबाईला बोलावून ठेवलं होतं.

"वारं शिरलंय पायात," कडूबाई म्हणाली. "सोनपेठला पंडित नावाचं पोरगं हाय, त्याचा पाय असाच पडलता. माझ्या हातानं उठला. आता पळायलाय त्यो."

तिनं कोमट तेल घेऊन पाय रगडायला सुरुवात केली. बायना जिवाच्या आकांतानं किंचाळली. पण डॉक्टर खात्री देत नव्हता, आणि कडूबाई देत होती. चार दिवस मनकर्णानं दातांत पदर धरून ते रडणं ऐकलं. मग पोरीला कडेवर घेतलं आणि सोनपेठची एसटी धरली.

पंडित अंगणात खरंच पळत होता. त्याची आई केशरबाई शेंगा फोडत बसली होती.

"कडूबाईनंच उठवलं का ओ ह्याला?"

"चोळलं तर तिनंच. पर दोन-तीनदाच. लय रडायचा, म्हून मीच बंद केलं. मग आपसूक उभा राह्यला. कशानं, ते देवालाच ठावं." केशरबाईनं समोरच्या घराकडं बोट केलं. "त्या सरजाबाईच्या पोरीला मातर हिवाळाभर चोळलं. तिचं नाव घेतलं का कडूबाईनं?"

"न्हाई."

समोरच्या उंबऱ्यातली पोर हातांवर अंग रेटत आत गेली.

परतताना मनकर्णा तेच मनात घोळवत होती. रगडून एक उठली नाही, रगडणं थांबवल्यावर एक उठला. यातून काय समजायचं? आपण थांबवलं आणि पाय तसाच राहिला तर?

तरी घरी पाऊल टाकताच ती म्हणाली, "आत्याबाई, आता कडूबाईला बोलवू नका."

"पोर लंगडी राहिली तर?"

"माझ्या माथी." ती फळी शोधायला लागली.

ती रोज शेकायची, फळी बांधायची. सकाळी तळव्याला गुदगुल्या करून बघायची. पाऊल हलायचं नाही. धुरपदाबाई तिच्याशी धड बोलत नव्हती. होळीच्या सुमाराला अंगठा हलला. भास असेल म्हणून, पुन्हा हलेपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरानं बायना लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालू लागली. पाय बारीकच राहिला.

"मला करू दिलं असतं तर पळाली असती," आडावर कडूबाई म्हणाली.

बायना बूट आपटत पुढं निघाली होती. घागर सावरत मनकर्णाला तिच्यामागं भराभर चालावं लागलं.