न केलेल्या नोकरीचा राजीनामा

आमच्या प्रशिक्षण केंद्रात मला सगळ्या मुली 'पर्मनंट' म्हणतात. शिकवणाऱ्या बाई अकरा महिन्यांच्या करारावर, शिपाई रोजंदारीवर, कायम तेवढी मीच. आधी ब्यूटी पार्लर, मग कॉम्प्युटर, मग शिवण. गरजू मुलांमुलींसाठी म्हणून जे जे निघालं ते सगळं मी शिकले. तिन्ही प्रमाणपत्रं आईने कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलीत. आई मला बोलत नाही, नुसती उसासे टाकते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिवणाचा वर्ग संपून आठ महिने झाले आणि एका हॉस्पिटलच्या शिवणखोलीत जागा निघाली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. प्रत्येक केंद्रातून एकच नाव जाणार होतं आणि बाईंनी माझं काढलं. पुढच्या महिन्यात मला पंचविसावं संपतं, मग मी कुठल्याच योजनेत बसत नाही. म्हणजे ही नोकरी मिळाली तर मिळाली.

पण इथेच माशी शिंकली. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये माझं नाव घातलं तर समोर आलं, 'नोकरीत आहे. कपड्यांचा कारखाना, आठ महिने.'

"बाई, ही कोण?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तूच गं. निम्म्या मुली कामाला लागल्या असं दाखवलं नाही तर वर्गच बंद करतात. चार नावं कमी पडत होती. तुझं नाव पटकन आठवलं."

मला राग यायला हवा होता. पण रागवायचंही त्राण लागतं. आठ महिने मी घरात आईचे उसासे ऐकत बसले होते आणि तिकडे मी नोकरी करत होते.

"वेळेवर तरी जात होते ना मी?" मी म्हटलं. बाईंना हसू आलं नाही.

नोकरीत असलेल्या मुलीचं नाव पुढे जात नव्हतं. ते मोकळं करायला एकच वाट होती, राजीनामा. बाईंनी कोरा कागद पुढे केला आणि मी लिहून दिला. कारण काय लिहू म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "घरगुती लिही."

हॉस्पिटलचे शिवणमास्तर वयस्कर होते, गळ्यात टेप. त्यांनी मला कोटाला खिसा लावायला सांगितलं. मी लावला. त्यांनी टाका नखाने ओढून पाहिला. "हात चांगला आहे," म्हणाले आणि माझी फाइल उघडली. "आधी आठ महिने होतीस की कारखान्यात. कसं होतं काम?"

खरं सांगितलं तर बाईंची नोकरी जाणार. त्यांचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय, मला ठाऊक होतं. म्हणून मी बोलायला लागले.

"खिडकीजवळचं मशीन होतं माझं. उजेड छान यायचा. शेजारच्या मशीनवर एक ताई होत्या, फार बोलायच्या. अकराला चहा. पगार झाला की धाकट्या बहिणीला काहीतरी घेऊन जायचे. घरी गेले की आई विचारायची, दमलीस का गं." कुठून सुचत होतं कोण जाणे, पण मला थांबताच येईना.

मास्तरांनी फाइल मिटली. "पोरी, एवढं सुखाचं काम तू आठ महिन्यांत सोडलंस. आमच्या खोलीला तर खिडकीसुद्धा नाही. मी तुला सगळं शिकवायचं आणि तू पुन्हा घरगुती कारण सांगून जायचं. का सोडलंस गं?"

मुलाखतीत काय बोलायचं ते मी तीनदा शिकलेय. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"मला नव्हती हो सोडायची," मी म्हणाले आणि रडू फुटलं. हातातली नोकरी खरंच गेल्यासारखं ढसाढसा रडले.

मास्तरांनी मला पेलाभर पाणी दिलं आणि दारात जाऊन पुढच्या मुलीला हाक मारली.