बाबांचं इन्स्पेक्शन

बुटांवर फिरणाऱ्या ब्रशचा संथ, एकसुरी आवाज आला, की बाबा अजून आमच्यात आहेत असं वाटायचं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं हिवाळी ऊन म्हणजे पाणी घातलेलं ताक. त्या फिक्या उजेडात खिडकीशी ताठ बसून, चामड्यातून काळं तेज उमटेपर्यंत ते घासत राहायचे. लहानपणी पुण्याहून इथे आलेले, उमेदीची सारी वर्षं इथल्या लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात घालवलेले माझे बाबा. डिमेन्शियाने घराची वाट नेली, जेवल्याची आठवण नेली, माझं नावही नेलं. शिस्त तेवढी हाडांत मुरलेली होती, म्हणून राहिली.

त्यांना उठवता-बसवता, न्हाऊ घालता आईची पाठ कामातून गेली होती. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, सरकारी खर्चाने घरी देखभालीला केअरर दिली नाही, तर त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागणार होतं. मदतीची खरंच गरज आहे का, हे ठरवायला सोशल वर्कर घरी पाहणीला येणार होत्या. आणि आमच्या मातोश्रींनी काय करावं? पाहुणी येतेय म्हणून घर लख्ख केलं, बाबांसाठी दारांवर चिकटवलेल्या 'बाथरूम', 'किचन' अशा पाट्या खरवडून काढल्या, त्यांना मेडल्स लावलेला ब्लेझर चढवला आणि वर पोहे केले!

मी भडकलेच. "आई, त्यांना खरं काय ते दिसायला नको का? ॲसेसमेंट आहे, हळदीकुंकू नाही!"

"घरातलं उणं परक्यासमोर मांडायचं?" आई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाबांनी तर कमालच केली. सोशल वर्कर बाई आत येताच, वरिष्ठ अधिकारी आल्यासारखे ते उठून उभे राहिले. खांदे सरळ, हनुवटी वर, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच खणखणीत उत्तर, "ऑल इन ऑर्डर, मॅडम." क्षणभर मीसुद्धा फसले.

"ही इज मॅनेजिंग रिअली वेल," म्हणत बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणजे मदत नामंजूर.

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. बाबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि बाईंकडे किंचित झुकून, अदबीने, इंग्रजीतच म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाठवलेली ही केअरर फर्स्ट क्लास आहे. प्लीज, हिला बदलू नका. माझी मिसेस परत आली, की तिलाही ही आवडेल."

आई जिथल्या तिथे उभी राहिली. मग तिने ट्रे खाली ठेवला, त्यांच्या कपात साखर घातली आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ती ढवळत राहिली. सोशल वर्कर बाई मान खाली घालून पुन्हा लिहू लागल्या.

मदत मंजूर झाली. आता केअरर रोज येते. सगळे म्हणतात, सुटलात. माणूस गेला की त्याची उणीव घरात राहते, एवढं मला ठाऊक होतं. पण त्या दुपारी माझी आई समोर उभी असतानाच नाहीशी झाली, आणि दोघांनी मिळून जगलेला सारा काळ तेव्हापासून तिला एकटीला आठवावा लागतो.