नावातली खालची रेघ

तीन दिवस झाले, रक्ततपासणीचे रिपोर्ट एकाच डॉक्टरांकडे पोहोचत नव्हते. बाकी सगळ्यांकडे व्यवस्थित जात होते. लॅब सांभाळणाऱ्या ताईंना यात काहीतरी काळंबेरं दिसलं. त्या डॉक्टरांच्या शेजारीच दुसरी लॅब होती आणि ती चालवत होता इथल्या कॉम्प्युटरवाल्याचा मेहुणा.

कॉम्प्युटरवाला मेहुण्यासाठी मुद्दाम रिपोर्ट अडवतोय, अशी ताईंनी मालकांकडे लेखी तक्रार दिली. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पुरावा आणा. खरं निघालं तर तो उद्यापासून घरी."

ताई खुर्ची ओढून कॉम्प्युटरवाल्याच्या शेजारी बसल्या.

"काय ताई, आज पहारा?"

"तू तुझं काम कर. मी नुसती बघतेय."

"नुसतं बघायला जेवणाचा डबा घेऊन आलात?"

दुपारपर्यंत त्याने संशय यावा असं काहीच केलं नाही, त्यामुळे ताईंचा संशय आणखी वाढला. शेवटी त्याने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"स्पीकर चालू कर," ताई म्हणाल्या.

तिकडची बाई म्हणाली, "आमचा नवा प्रोग्रॅम सांगतोय की रिपोर्ट पाठवणाऱ्या तुमच्या मशीनचं नाव चालत नाही. सोमवारीच बसवलाय तो."

त्याने फोन ठेवला. "ताई, मशीनच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि मधे छोटी आडवी रेघ, म्हणजे हायफन, एवढंच चालतं. तुम्ही दोन शब्दांच्या मधे खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, घातलीत."

"मग वर्षभर कशी चालली?"

"बाकीचे प्रोग्रॅम भोळे आहेत, येईल त्याला आत घेतात. हा कागद बघूनच दार उघडतो."

"तुला हे माहीत होतं?"

"तुम्ही नाव ठेवलंत त्या दिवसापासून."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास!"

"तुम्ही येईल त्याला सांगत होतात, नाव मीच ठेवलंय म्हणून. कोण बोलणार?"

त्याने रेघ बदलली, सगळ्या दवाखान्यांना नवं नाव कळवलं. डॉक्टरांकडे रिपोर्ट लगेच पोहोचले. पण ताईंचं समाधान झालं नाही.

"थांब. जुनं नाव पुन्हा घाल."

त्याने घातलं. रिपोर्ट अडला. नवं घातलं, गेला. ताईंनी हे दोनदा करायला लावलं, दुसऱ्या वेळी त्याला हात मागे घ्यायला सांगून स्वतः बटणं दाबली. रेघेने तीच साक्ष दिली.

मग त्या उठून मालकांकडे गेल्या आणि तक्रारीचा कागद परत घेऊन आल्या. त्यावर त्यांनी खाली लिहिलं होतं, 'तक्रार मागे घेते. चूक माझी.' तो कागद त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

त्याने सगळा वाचला.

"मेहुण्याशी चार वर्षं माझं बोलणंच नाही, ताई. आधी एकदा विचारायचं तरी."

ताईंची मान खाली गेली. क्षणभरच.

"का रे," त्या म्हणाल्या, "बोलत का नाहीस?"