मागे पडलेली दुपार

थोरलीनं खोकल्याचं औषध मापात ओतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा बाटलीत ओतलं, पुन्हा मापात घेतलं आणि शेवटी सासूबाईंना हाक मारली.

"आई, बघता का जरा? पाचच आहे ना?"

सासूबाईंना चष्म्याशिवाय स्वतःची सूनही ओळखू येत नसे. त्यांनी चष्मा शोधला, पदरानं पुसला, माप नाकापाशी नेलं आणि म्हणाल्या, "पाचच आहे गं बाई." मग कुठे धाकटीच्या मुलीला औषध मिळालं.

धाकटी दारातून हे बघत होती. थोरली नर्स. उभं आयुष्य वॉर्डात गेलेलं. घरात कुणाला शिंक आली तरी डॉक्टरांआधी तिला विचारायचं, अशी रीत. आणि आता ही बाई पाच एमएल औषधाला साक्षीदार शोधत होती. गॅस बंद केलाय का, हे उठून उठून बघत होती. दाराला कुलूप लावून जिन्यावरून परत येत होती.

झालं होतं ते असं. थोरलीच्या वॉर्डातल्या एका आजोबांना चार चार तासांनी एक इंजेक्शन द्यायचं होतं. ते लवकर दिलं तर रक्तदाब कोसळतो; एखाद्याला वेळेवर दिलं तरी कोसळतो, पण ते क्वचितच. त्या दुपारी दुसरं इंजेक्शन दिल्यावर आजोबांना चक्कर आली, ते पडले. सुदैवानं वाचले, पण चौकशी लागली. नर्स इंजेक्शन दिल्या दिल्या वॉर्डातल्या संगणकाचं बटण दाबते आणि वेळ आपोआप नोंदली जाते. ती वेळ निघाली ठरल्यापेक्षा चांगली अर्धा तास आधीची. थोरली म्हणाली, मी भिंतीवरचं घड्याळ बघूनच दिलं. मुख्य डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी संगणकाचं घड्याळ तपासलं. अगदी बरोबर. एका सेकंदाचाही फरक नाही. झालं, निकाल होईपर्यंत थोरलीला घरी बसवलं. माणूस खोटं बोलतो, यंत्र कशाला बोलेल?

पहिले काही दिवस थोरली तावातावानं भांडली. मग तिचा आवाज खाली आला. हे धाकटीला जास्त भीतीदायक वाटलं.

"मीच चुकले असेन गं," त्या दिवशी चहा घेताना थोरली म्हणाली. "डोळा लागला असेल माझा. दचकून उठले असेन आणि घड्याळ चुकीचं वाचलं असेन. आता तर मला ते आठवायलाही लागलंय. खुर्चीत बसलेय, मान कलंडलीय."

"ताई, तुम्ही ड्यूटीवर झोपणाऱ्यातल्या आहात का?"

"कुणास ठाऊक. सगळाच घोळ होता त्या दिवशी. जुने एक्स-रे नव्या कपाटात का कुठे हलवत होते म्हणे संगणकात. साधा एक फोटो उघडायला डॉक्टर ताटकळत बसले होते, माझ्यावरच खेकसले."

धाकटीचा कप ओठांपाशीच थांबला.

धाकटी कंपनीत काम करायची ते संगणकाच्या कर्नलचं. कर्नल म्हणजे सगळा कारभार हाकणारा संगणकाचा गाभा. पण सासूबाई कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होत्या की आमची धाकटी लष्करात आहे. धाकटीनं त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. एक मोठा संगणक असतो आणि त्याच्या पोटात चार-पाच नकली संगणक राहतात. प्रत्येकाला वाटतं, घर आपलं एकट्याचंच. "म्हणजे एका ओट्यावर चार सुना," सासूबाई म्हणाल्या होत्या, "आणि प्रत्येकीला वाटतं स्वयंपाकघर माझं!" याहून चांगलं धाकटीच्या साहेबांनाही सांगता आलं नसतं.

तर या सुनांची वेळ कशी चालते? ठरावीक काळानं कुणीतरी खांद्यावर टिचकी मारतं: एक ठोका झाला. सून ठोके मोजते आणि त्यावरून किती वाजले ते ठरवते. पण ओट्यावर दुसरीचाच रगाडा चालू असेल, तर बाकीच्या पेंगत बसतात. पेंगणाऱ्या सुनेला टिचक्या लागतच नाहीत आणि तिचं घड्याळ मागे पडतं. यावर इलाज शोधला होता तो धाकटीनंच. राहिलेल्या टिचक्या बाजूला साठवायच्या आणि ओटा मोकळा झाला की भराभर मारून हिशेब पुरा करायचा. घड्याळ पुन्हा बिनचूक. त्यासाठी कंपनीत तिचं कौतुक झालं होतं. वर तिनं आणखी एक शहाणपणा केला होता. घड्याळ मागे पडलं होतं याची कुठे वाच्यताच करायची नाही. उगाच गिऱ्हाइकं घाबरतात, फोन करतात. शेवटी वेळ बरोबर येते ना, मग बोंब कशाला?

आणि थोरलीच्या दवाखान्यातला संगणक याच कंपनीच्या कर्नलवर चालायचा; वॉर्डातल्या नोंदी आणि एक्स-रे या त्याच्या एकाच ओट्यावरच्या दोन सुना. हे धाकटीनंच मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं होतं.

"काय गं, चहा कडू झालाय का?" थोरलीनं विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली, आणि तिला खरं म्हणजे रडूच येत होतं. "ताई, दवाखान्यात जायचंय आपल्याला."

साहेबांना सांगितलं तर साहेब धास्तावले. म्हणाले, गुपचूप दुरुस्त कर, पुढच्या अपडेटबरोबर सगळ्यांना पाठवून देऊ, चव्हाट्यावर कशाला आणायचं? मूठ झाकलेली ठेवण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. धाकटी म्हणाली, "साहेब, ती माझी जाऊ आहे," आणि मग तिलाच स्वतःची लाज वाटली. जाऊ नसती तर? ती पुन्हा म्हणाली, "ती कुणीही असती तरी मी गेले असते." आणि असं तिनं मनापासून ठरवूनही टाकलं.

मुख्य डॉक्टरांच्या खोलीत वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं. ते टेबलावर, संगणकाच्या पडद्याला टेकवून ठेवलं. पडद्यावर धाकटीनं नोंदी करणाऱ्या नकली संगणकाची वेळ लावली. दोन्हीकडे सेकंद जोडीनं चालले होते. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"आता त्या दिवसासारखे एक्स-रे हलवायला लावा," धाकटी म्हणाली.

दवाखान्याच्या संगणकवाल्यानं काम सुरू केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. डॉक्टरांनी जांभई दिली. मग पडद्यावरचा एक सेकंद अडखळला. चालला. पुन्हा अडखळला आणि थांबूनच राहिला. भिंतीवरचं घड्याळ आपलं टकटक करत पुढे निघालं. डॉक्टरांचा चहा आला, त्यावर साय धरली, तो तसाच राहिला.

"बंद पडलंय का हे?" डॉक्टर पुढे सरकले.

"नाही. पेंगतंय." धाकटी संगणकवाल्याकडे वळली. "आता थांबवा काम."

पडद्यावरचे सेकंद पळत सुटले. शाळा सुटल्यावर पोरं पळतात तसे, एकमेकांना ढकलत. बघता बघता पडदा भिंतीवरच्या घड्याळापाशी पोचला, त्याच्या बरोबरीला आला आणि जसं काही झालंच नाही अशा साळसूदपणे चालू लागला.

संगणकवाल्यानं दोन्ही घड्याळं पुन्हा ताडून पाहिली. मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "म्हणजे त्या संध्याकाळी मी तपासलं तेव्हा..."

"तेव्हा बरोबरच होतं. ते नेहमी बरोबरच असतं, डॉक्टर. तुम्ही बघायला येईपर्यंत."

"त्या दुपारच्या सगळ्याच नोंदी मग..."

"सगळ्याच मागे असणार. पण बाकी कुणाच्या पेशंटला चक्कर आली नाही, म्हणून कुणी बघितल्या नाहीत."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की आम्ही," डॉक्टर पुटपुटले. मग चिडले. "पण हे असलं लपवाछपवीचं घड्याळ बनवलं कुणी?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "मी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी थोरलीची माफी मागितली, उभं राहून मागितली. तेवढं त्यांचं चांगलं. उद्यापासून कामावर या, म्हणाले. थोरली मानेनं बरं म्हणाली आणि घर येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. घराच्या जिन्यात मात्र ती थांबली.

"म्हणजे माझा डोळा लागला नव्हता?"

"नाही, ताई."

"मी घड्याळ नीट बघितलं होतं?"

"अगदी नीट बघितलं होतं."

"मग ते खुर्चीतलं, मान कलंडलेली, ते मला आठवत कसं होतं?" थोरलीचा आवाज चिरकला. "माझ्याच डोक्यानं मला खोटं पाडलं गं! आणि तू रोज शेजारी बसून चहा पीत होतीस."

"मला माहीत नव्हतं, ताई."

"माहीत नव्हतं ते कळतंय मला. पण राग येतोय, त्याला मी काय करू?"

"येऊ द्या," धाकटी म्हणाली. "हवा तेवढा येऊ द्या."

थोरलीनं नाक पुसलं. रागातही तिला हसू फुटलं. "जावेवर रागवायला परवानगी देणारी तू कोण गं?" असं म्हणून ती तरातरा पायऱ्या चढून गेली. धाकटी मागे राहिली. तिला माहीत होतं, हा राग एका दमात जाणार नाही, आणि जाऊही नये.

घरात पोरगी खोकत होती. पायांचा आवाज ऐकून सासूबाई आतून चष्मा पुसतच बाहेर आल्या आणि मापाची वाट बघत ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

थोरलीनं हात धुतले. बाटली हलवली, मापात औषध ओतलं, एकदाच उजेडाकडे धरलं.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "पाचच आहे."

आणि तिनं ते पोरीच्या तोंडाला लावलं.